सोपं पण देखणं जेवण आणि सोबत एखादा गार पेला: तुमचे अनुभव

निळं झाकण

काल ओट्याखालचं कपाट आवरताना अगदी मागे जॅमची एक जुनी बरणी सापडली. टाकायच्या ढिगात ठेवली आणि दोन मिनिटांनी परत उचलली. तो माझा पहिला शेकर.

बारा वर्षं झाली. नवीन घर, खुर्च्या दोन, टेबल नाही. संध्याकाळी मैत्रिणीचा फोन, "येऊ का गं?" एवढंच. आवाजावरून कळलं की काहीतरी बिनसलंय. यायला तिला पाऊण तास लागणार होता. घरात काय, तर स्पगेटी, लसणाचा गड्डा, ऑलिव्ह तेल, सुक्या लाल मिरच्या, चार लिंबं, साखर आणि नव्या घरासाठी कुणीतरी दिलेली पांढऱ्या रमची बाटली.

आधी दोन ग्लास फ्रीजरमध्ये टाकले. मग दोघींपुरती २०० ग्रॅम स्पगेटी उकळत ठेवली. लसणाच्या सहा पाकळ्यांचे पातळ काप गार तेलात घालायचे आणि मगच गॅस लावायचा, मंद. लसूण करपत नाही आणि सगळा वास तेलात उतरतो. कडा सोनेरी दिसायला लागल्या की मिरची. पास्ता पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी काढून थेट तेलात, सोबत त्याच्याच पाण्याची एक वाटी, आणि आच वाढवून हलवत राहायचं. पास्त्याचा स्टार्च त्या पाण्यात उतरलेला असतो, त्यामुळे तेल वेगळं तरंगत नाही, दाटसर रस होऊन पास्त्याला धरून बसतं.

तोवर बेल वाजली. बरणीत ६० मिली रम, २५ मिली लिंबाचा रस, २० मिली साखरेचा पाक (साखर आणि पाणी समसमान) आणि वर भरपूर बर्फ. फडक्यात गुंडाळून पंधरा सेकंद जोरात हलवलं, गाळलं. दुसऱ्या ग्लासासाठी परत तेच. डाइकिरी.

चादर अंथरून जमिनीवर बसलो. ती फार बोलली नाही, पण पोटभर जेवली. निघताना दारात म्हणाली, "माझ्यासाठी ग्लास गार करून ठेवला होतास तू." पास्त्याबद्दल नाही, रमबद्दल नाही. कुणीतरी आपली वाट बघत होतं हे तिला त्या ग्लासातून कळलं होतं.

तुमचंही असं एखादं जेवण असेल तर लिहा ना. पेय दारूचंच हवं असं अजिबात नाही.

चिमूटभर

वाचता वाचता उठून दोन ग्लास फ्रीजरमध्ये ठेवून आले. आज कुणी येणार नाहीये. पण कुणी आलंच तर.

पाचवा मजला

रिझोटो.

सगळे म्हणतात पाहुण्यांसाठी तो करू नका, शेवटपर्यंत गॅसपाशी उभं राहावं लागतं. मी म्हणतो त्यासाठीच करा! आमच्या घरी पाहुणे बाहेर आणि करणारा आत असं व्हायचं. आई कायम आत. तिला कुणाच्याच गप्पा पूर्ण ऐकायला मिळाल्या नाहीत, शेवटचं हसू तेवढं कानावर यायचं. मी वेगळा राहायला लागल्यावर ठरवलं की माणसंच स्वयंपाकघरात आणायची.

कांदा बारीक चिरून लोण्यात मऊ, त्यात आर्बोरियो किंवा कार्नारोली तांदूळ (धुवायचा नाही, धुतला की वरचा स्टार्च जातो आणि मलईसारखं टेक्श्चर त्यातूनच येतं), दोन मिनिटं परतून पांढऱ्या वाइनचा अर्धा पेला, मग गरम स्टॉक डावाडावाने. अठरा-वीस मिनिटं. तेवढ्या वेळात पळी चार जणांच्या हातातून फिरते. उरलेली वाइन ग्लासांत. शेवटी गॅस बंद करून गार लोण्याचे तुकडे आणि किसलेलं पार्मेजान जोरात फेटून घालायचं. ताटलीत वाढल्यावर पसरला पाहिजे, ढीग राहिला तर अजून स्टॉक हवा.

आई पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा ओट्याला टेकून बसली होती, ग्लास हातात घेऊन, आणि माझ्या मित्राला सांगत होती की तू पळी फार हळू फिरवतोस. तिला इतकं बोलताना मी क्वचित पाहिलंय.

निळं झाकण

"शेवटचं हसू तेवढं कानावर यायचं." 😢 माझ्या आईचंही हेच.

आंबटगोड

+१. आमच्याकडे आता नियम आहे, जो करेल तो सगळ्यात आधी जेवायला बसेल.

रविवारची दुपार

फ्रेंच ७५ बद्दल सावध करते. जिन, लिंबू, पाक आणि शॅम्पेन, चारही एकदम शेकरमध्ये घातलं आणि हलवलं. झाकण छताला. नणंदेच्या नव्या साडीवर शिंतोडे. तिने काही म्हटलं नाही, उलट फडकं घेऊन माझ्याबरोबर भिंत पुसायला लागली, आणि लग्नाला सहा वर्षं होऊनही आम्ही दोघी पहिल्यांदाच मोकळेपणी बोललो त्या दिवशी.

तर: ३० मिली जिन, १५ लिंबू, १५ पाक एवढंच बर्फासोबत हलवायचं. गाळून घ्यायचं आणि मग वरून ६० मिली शॅम्पेन हळूच. बुडबुडे असलेलं काहीही शेकरमध्ये घालू नका. वायू सुटतो आणि त्याला जायला जागा नसते.

लांबचा चमचा

नाव फ्रेंच सैन्याच्या ७५ मिमी तोफेवरून आहे, तेव्हा झाकण उडालं ते रीतसरच 🙂 डाइकिरी हे मात्र गावाचं नाव, क्यूबात सांतियागोजवळचं.

पावणेसात

मी चार वर्षांपूर्वी दारू सोडली. कारणं इथे लिहीत नाही.

सोडल्यावर सगळ्यात अवघड गेलं ते लोकांकडे जेवायला जाणं. सगळ्यांच्या हातात उंच दांड्याचे सुंदर ग्लास आणि मला स्टीलच्या पेल्यात पाकिटातला ज्यूस. कुणाच्या मनात वाईट नसतं, पण दुसऱ्या घोटापर्यंत कुणीतरी विचारतंच, "तू नाही घेत?"

गेल्या वर्षी एका सहकाऱ्याकडे गेलो. तिने काही विचारलं नाही. ट्रे आणला, सहा ग्लास, सगळे एकसारखे. माझ्या ग्लासात आल्याचा पाक, लिंबू, पुदिना आणि वर गार सोडा. शेजारी बसलेल्यालाही वेगळं काही दिसलं नाही. जाताना तिने हळूच कृती सांगितली: १०० ग्रॅम आलं किसून २०० ग्रॅम साखर आणि २०० मिली पाण्यात दहा मिनिटं मंद आचेवर, झाकून गार, गाळून बाटलीत. ग्लासाला ३० मिली पुरतो. पुदिना ठेचायचा नाही, तळहातावर एक टाळी मारून घालायचा. फार चुरला की कडवट लागतो.

घरी पोचेपर्यंत गाडीत रडलो. कुणी येणार असेल तर एवढं करा.

निळं झाकण

पावणेसात, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आल्याचा पाक उद्याच करते.

फक्त वाचते

चार वर्षं! अभिनंदन दादा. मीपण १४ महिने.

पावणेसात

ताई 🙏 चौदा महिने म्हणजे सगळ्यात कठीण वर्ष मागे पडलं.

मधली सुट्टी

दूध उतू चाललंय, नंतर लिहिते

आंबटगोड

कुणी सांगेल का, नेग्रोनी घरी केली की औषधासारखी का लागते? जिन, कांपारी (ती कडू लाल इटालियन दारू), गोड वर्मुथ तिन्ही ३०-३० मिली. प्रमाण बरोबर आहे ना?

लांबचा चमचा

प्रमाण बरोबर. वर्मुथची बाटली उघडून किती दिवस झाले आणि कुठे ठेवलीय?

आंबटगोड

शोकेसमध्ये. दिवाणखान्यात छान दिसते. वर्ष झालं असेल.

लांबचा चमचा

तेच मग. वर्मुथ ही वाइनच आहे, थोडं स्पिरिट मिसळून जोर वाढवलेली. उघडली की हवेने बिघडायला लागते. फ्रीजमध्ये ठेवायची आणि महिना-दोन महिन्यांत संपवायची. छोटी बाटली आणा. आणि नेग्रोनी हलवायची नाही, ढवळायची. लिंबू, साय, अंड्याचा पांढरा भाग असं काही असेल तर शेकर. नुसती स्पिरिट्स आणि वर्मुथ असतील तर बर्फावर तीसेक सेकंद चमचा फिरवायचा, म्हणजे पेय नितळ राहतं. संत्र्याची साल वर पिळायला विसरू नका, तिच्या तेलाचा वास निम्मं काम करतो.

आंबटगोड

अंड्यावरून आठवलं, आमच्याकडे अंडं चालत नाही. व्हिस्की सावरचा फेस राहूनच जातो.

चिमूटभर

डबाबंद मिळणाऱ्या उकडलेल्या छोल्यांचं पाणी! ३० मिली. आधी बर्फाशिवाय हलवा, मग बर्फ घालून परत. फेस अंड्यासारखाच येतो. पाणी बिनमिठाचं बघून घ्या फक्त.

आंबटगोड

खरंच?? आजच करते.

उन्हाची तिरीप

मासा कागदात. मुलगी दहा वर्षांची होती आणि आम्ही दोघंच राहायला लागून दोन महिने झाले होते. रोज तेच तेच जेवून ती कंटाळली होती, मीही. एका शुक्रवारी म्हटलं आज हॉटेल घरी. तिने हाताने मेनू लिहिला, कोपऱ्यात फुलं काढली.

बेकिंगच्या कागदाचा मोठा तुकडा, त्यावर झुकिनी आणि टोमॅटोचे पातळ काप, वर दीडशे ग्रॅमचा माशाचा तुकडा, मीठ, मिरपूड, लिंबाच्या दोन चकत्या, लोणी आणि पांढऱ्या वाइनचा एक चमचा (तिच्या पुडीत वाइनऐवजी स्टॉक). कडा दुमडत दुमडत घट्ट बंद. २०० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये १२ ते १५ मिनिटं. आतल्या वाफेवरच शिजतो, भांडी जवळपास शून्य.

बंद पुडी तशीच ताटलीत ठेवायची आणि ज्याची त्याने फाडायची. वाफ तोंडावर आली तेव्हा ती "बाबा!" म्हणून जी ओरडली ती हाक मी अजून विसरलेलो नाही. आता ती होस्टेलवर असते. सुट्टीत आली की पहिल्या रात्री हेच.

रविवारची दुपार

मेनूचा कागद जपून ठेवलाय की नाही?

उन्हाची तिरीप

लॅमिनेट केलाय.

फक्त वाचते

मासा न खाणाऱ्यांनी काय करावं?

उन्हाची तिरीप

जाड मशरूम, लसूण, थाइम आणि लोणी. वीस मिनिटं. पुडीचा मान तोच.

पाचवा मजला

बर्फाचा विषय राहिलाच. काचेसारखा नितळ हवा असेल तर पाणी उकळून फारसा फरक पडत नाही, मी करून बघितलंय. थर्माकोलच्या छोट्या पेटीत पाणी भरून झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवा. गोठणं वरून खाली होतं आणि हवा, क्षार सगळं तळाकडे ढकललं जातं. तळ पूर्ण गोठायच्या आत काढून वरचा नितळ भाग सुरीने तोडायचा. मोठा तुकडा हळू वितळतो, पेय लवकर पातळ होत नाही.

चिमूटभर

फ्रीजरमध्ये जागा कुठेय, मटारच मटार आहेत.

पाचवा मजला

मटार खाऊन टाका, रिझोटोत घाला!

मधली सुट्टी

आले परत. मघाशी लिहायचं होतं ते सासूबाईंबद्दल.

त्यांच्या बोटांचे सांधे सुजतात. बारीक दांड्याचा ग्लास धरता येत नाही, काटा-सुरीही नाही. त्यामुळे घरी कुणी जेवायला आलं की त्या "मला भूक नाही" म्हणून आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. मला वाटायचं त्यांना माणसं आवडत नाहीत. तीन वर्षं मी असंच समजत होते, याचं आजही वाईट वाटतं.

एकदा त्यांना दोन्ही हातांनी चहाचा मग धरताना पाहिलं आणि उमगलं. पुढच्या वेळी सगळ्यांनाच मगमध्ये टोमॅटोचं सूप दिलं. टोमॅटो, कांदा, लसूण ओव्हनमध्ये भाजून, मिक्सरमधून काढून, गाळून, वर थोडं क्रीम. जेवणही चमच्याने खाता येईल असं, मऊ पोलेंटा (मक्याच्या रव्याची लापशी) आणि त्यावर वाइनमध्ये शिजवलेली मशरूम. पेय जाड बुडाच्या बुटक्या ग्लासात, तेही सगळ्यांना तसंच. गोडाला पन्ना कोटा, आदल्या रात्री करून ठेवलेला: ५०० मिली क्रीम, ५० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम जिलेटिन गार पाण्यात भिजवून. क्रीम गरम झालं की गॅस बंद करून जिलेटिन विरघळवायचं, त्यानंतर उकळायचं नाही. शाकाहारी हवा तर आगर-आगर, ती मात्र उकळावीच लागते.

त्या साडेअकरापर्यंत टेबलावर होत्या. जिन-टॉनिकचे दोन घोट घेऊन म्हणाल्या, "कडू आहे, पण चांगलं आहे." कडूपणा टॉनिकमधल्या क्विनीनचा, त्यांना आवडतोच कडू. आता पाहुणे यायचे म्हटले की आधी त्यांचा प्रश्न, ते बुटके ग्लास काढलेस का?

पावणेसात

मधली सुट्टी, 🙏🙏

निळं झाकण

हे वाचून काही वेळ नुसती बसून होते. बुटके ग्लास यादीत लिहिलेत.

रविवारची दुपार

निळं झाकण, एक विचारायचं राहिलं. ती मैत्रीण आता कशी आहे?

निळं झाकण

छान आहे. तिला बरणीचा फोटो पाठवला काल, तर लगेच फोन आला. शनिवारी येतेय. स्पगेटी आणि लिंबं आणली. बरणी धुतली, पण झाकणाच्या आतलं रबर पार गेलंय, पाणी भरून पाहिलं तर गळतंय. नवीन झाकण मिळतं का नुसतं?

लांबचा चमचा

मिळतं. तोंडाचा बाहेरून बाहेरपर्यंत व्यास मोजा, मिलिमीटरमध्ये. आणि आटे किती आहेत ते बघा.

निळं झाकण

६३ मिमी. आटे बघून सांगते, फूटपट्टी मुलाने नेली.