पहिली ते चौथीचा खेळाचा तास कसा घ्यावा? (सल्ला हवा)

रानजाई
नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जि. प. शाळेत शिकवते. पट ३१, पहिली ते चौथी. मुख्याध्यापक आणि मी, दोघंच. सर केंद्राच्या बैठकीला गेले की चारही वर्ग माझ्याकडे. पीटीचे वेगळे शिक्षक नाहीत हे सांगायला नकोच.

खेळाच्या तासाला पोरं बाहेर सोडली की चौथीचे पाच-सहा मुलगे बॅट घेऊन पुढे, बाकीचे त्यांचा चेंडू आणून द्यायला. मुली पायरीवर सागरगोटे घेऊन बसतात. पहिलीची चिल्लीपिल्ली मधूनच पळतात आणि कुणाचं तरी डोकं फुटायची वेळ येते. पटांगण म्हणजे कातळ, वर थोडासा मुरूम. गुडघे सोलवटल्याशिवाय दिवस जात नाही. आणि पावसाळ्यात तर सगळा कारभार पडवीतच.

'खेळू, करू, शिकू' या पुस्तकातले उपक्रम घेते, पण चारही इयत्ता एकत्र आल्या की मोठ्यांना ते बाळबोध वाटतात. त्यात केंद्रस्तरीय स्पर्धा आल्या की सगळं लक्ष निवडलेल्या सात-आठ मुलांवर जातं. ३१ च्या ३१ पोरं हलतील असं काय घेता येईल?

मऊभात
वाचतेय. आमच्याकडे शहरात पाचशे मुलांना टेनिस कोर्टाएवढं पटांगण आहे, त्यामुळे तुमचा कातळसुद्धा चैन वाटतो :)

फक्की
बाई, मी सांगलीकडे माध्यमिकला शारीरिक शिक्षण शिकवतो. प्राथमिकची पोरं पाचवीत माझ्या हातात येतात, तेव्हा आधी कोण खेळलंय आणि कोण नुसतं उभं राहिलंय ते पहिल्या आठवड्यात कळतं.

आधी बॅट कपाटात ठेवा. शनिवारी काढा हवी तर. क्रिकेटशी माझं वैर नाही, पण एकाकडे बॅट, एकाकडे चेंडू आणि उरलेले सगळे उभे, हा हिशेब छोट्या तासाला परवडत नाही.

मग 'बाद' होण्याचे खेळ कमी करा. माझं सगळ्यात ठाम मत याच मुद्द्यावर आहे. ज्या पोराला पळायची सवय नाही तेच पहिल्या मिनिटात बाद होतं आणि तास संपेपर्यंत भिंतीला टेकून बसतं. ज्याला खेळायची गरज जास्त, त्याच्याच वाट्याला खेळ कमी. आपल्याकडे यावर जुनी सोय आहे की! विष-अमृत घ्या. 'विष' मिळालं की जागेवर थिजायचं, गड्याने येऊन 'अमृत' दिलं की पुन्हा पळायचं. कुणी बाहेर जातच नाही. साखळीची शिवाशिवीही तशीच, पकडला गेला तो साखळीत. चौघांची झाली की दोन-दोनच्या दोन साखळ्या करा, नाहीतर लांब साखळीच्या टोकाला पहिलीचं पोर फरफटतं.

चौथीच्यांना सोपं वाटू नये म्हणून त्यांनी लंगडी घालत पळायचं, पहिलीच्यांनी दोन पायांवर. सामना बरोबरीचा होतो.

काजूबोंड
+१ बाद न करण्याला. पडवीत 'शिवाजी म्हणतो' घ्यायचे असतील तर दोन गोल करा. या गोलात चुकला तो त्या गोलात, तिथे चुकला तो परत इकडे. आमच्या बालवाडीत मुलं मुद्दाम चुकायला लागली इतकी मजा येते, हा एक तोटा.

निवृत्त गुरुजी
चुकणाऱ्याला पाच बैठका काढायला लावाव्यात. शिस्तही लागते, व्यायामही होतो.

फक्की
गुरुजी, मोठ्या आदराने असहमत. व्यायाम शिक्षा म्हणून दिला की पोर बैठकांचा जन्मभर तिरस्कार करतं. माझ्याकडे येणारी निम्मी पोरं मैदानाला फेरी मारायला सांगितली की विचारतात, "सर, मी काय केलं?"

रानजाई
दोन गोलांची युक्ती उद्याच करून बघते. सर, खो-खोचं काय? मैदान आहे पण मुलांना बसणं-उठणंच जमत नाही. नुसता गोंधळ.

फक्की
खो-खो प्राथमिकला एका दमात शिकवला तर गोंधळच होणार. तुकडे करा.

पळणारा गडी सुरुवातीला ठेवूच नका. आठ जणांना रांगेत बसवा, एक आड एक विरुद्ध तोंडं. बसण्याची ढब आधी पक्की हवी: टाचा उचललेल्या, एक पाऊल जरा पुढे, हातांची बोटं समोर जमिनीला टेकलेली, झेप घ्यायच्या तयारीत. मांडी घालून बसलेलं पोर उठेस्तोवर गडी पार निघून जातो.

मग चालत चालत खो. पाठीमागून पाठीला तळवा लागणं आणि तोंडाने 'खो' म्हणणं एकाच वेळी. पोरं हमखास लांबूनच ओरडतात आणि मग येऊन ढकलतात. गुडघे सोलवटतात ते पळून नव्हे, या ढकलण्यामुळे. तळहाताला ओला खडू लावा. पाठीवर पूर्ण पंजा उमटला तर स्पर्श बरोबर, नुसती बोटांची ओढ दिसली तर धक्का. पोरं एकमेकांच्या पाठी तपासत बसतात.

उठलेल्याने स्वतःचं तोंड असेल त्याच बाजूला जायचं, मधली पाटी ओलांडायची नाही आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळायचं नाही. हे चालत जमलं की मगच पळणारा एक गडी सोडा. तीन-तीनच्या तुकड्या खूप पुढची गोष्ट. मैदान निम्मं आखा, खांबांच्या जागी दोन मोठी मुलं हात वर करून उभी राहिली तरी चालतं.

मऊभात
मुलांना विश्वचषकाचा अंतिम सामना मोबाइलवर दाखवा. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्याच खो-खो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवलं, महिलांनी ७८-४० आणि पुरुषांनी ५४-३६. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. पायरीवर बसणाऱ्या मुलींना तर आधी दाखवा.

कातळफूल
मी लांज्याकडचा. पटांगणासाठी व्यवस्थापन समितीत विषय घ्या, तिथे तीन चतुर्थांश पालकच असतात. पाऊस सरला की घरोघरी खळं चोपतात, त्याच सुमारास चार घरच्या माणसांनी माती टाकून खो-खोपुरता पट्टा चोपून दिला तर पोरांचे गुडघे वाचतील. लांब उडी मात्र कातळावर नको, वाळूचा हौद होईस्तोवर थांबा. आणि तास खिचडीनंतर लगेच ठेवू नका, पोटात कळा येतात.

निवृत्त गुरुजी
स्पर्धांना नावं ठेवायची फॅशन आली आहे. वाडीवरचं पोर केंद्राच्या, तालुक्याच्या मैदानावर जातं, दुसऱ्या शाळेच्या पोरांशी हात मिळवतं. त्याच्यासाठी ते पंढरपूर असतं. सात-आठ मुलांवर मेहनत घेतली तर बिघडलं काय?

फक्की
काहीच बिघडलं नाही, गुरुजी. फक्त ती मेहनत शाळा सुटल्यावर घ्या. खेळाचा तास ३१ जणांचा आहे. आणि पट एवढा लहान असताना चौथीच्या सगळ्यांनाच सराव दिला तर संघ आपोआप निघतो, निवडीआधी कुणाला वगळायची घाई कशाला?

सावलीतली
एक वेगळा प्रश्न मांडते. माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, वॉकर घेऊन चालते. शाळेत तिला शिट्टी देतात आणि गुण लिहायला बसवतात. प्रेमानेच करतात, तक्रार नाही. पण गुण लिहून हातपाय हलत नाहीत. तुमच्या वर्गात असं कुणी असेल तर?

फक्की
ताई, आट्यापाट्यात एक पाटी तिची ठेवायला सांगा. नेहमीपेक्षा आखूड, जमीन सपाट. तिथून जाणाऱ्याला अडवायचं काम तिचं एकटीचं, आणि बाकीच्यांनी ती पाटी ओलांडल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग ती खेळाच्या मधोमध असते, कडेला नाही. तिचे फिजिओथेरपिस्ट कुठली हालचाल टाळायला सांगतात तेवढं आधी विचारा.

सावलीतली
हे सुचलंच नव्हतं. बोलते बाईंशी.

काजूबोंड
पीटीचा शिक्षक मागता येत नाही का हो कायद्याने?

कातळफूल
२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक (म्हणजे अर्धवेळ शिक्षक) आहे, पण सहावी ते आठवीला आणि पट शंभराच्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीला नाही. मैदान आणि खेळाचं साहित्य मात्र सगळ्या शाळांना लागू आहे. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून प्राथमिक शाळेला खेळाच्या साहित्यासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत तरतूद असते, सरांना विचारून बघा.

रानजाई
साहित्याची पेटी आहे. आत मोठ्या माणसांच्या मापाची बॅट, हवा गेलेला फुटबॉल आणि बॅडमिंटनची जाळी. खांब नाहीत. पुन्हा पैसे आले तर काय घेऊ?

फक्की
दोरीउड्यांच्या दोऱ्या आणि टेनिकॉइटच्या रिंगा, दोघांत एक तरी होईल इतक्या. मऊ रबरी चेंडू डझनभर. उरलेलं गावात मिळतं: लगोरीला करवंट्या, हद्दीला वाळू भरलेल्या बाटल्या, उड्या मारायला सायकलचे जुने टायर. रिंग पावसाळ्यात पडवीतही चालते. समोरासमोर दोन रांगा, एका हाताने फेकायची, एकाच हाताने झेलायची, दर दहा झेलांनी एक पाऊल मागे. पहिलीच्यांना दोन्ही हात चालतील.

रानजाई
रिंग रबरी की प्लॅस्टिकची? इथल्या दुकानात प्लॅस्टिकचीच आहे.

फक्की
रबरी. प्लॅस्टिकची बोटांवर लागते आणि कातळावर पडली की तडकते. थोडं थांबून रत्नागिरीहून मागवा.