मदत हवी आहे : चेक आणि स्लोव्हाकिया रस्त्यावरून कसे ओळखता?

नमस्कार मंडळी, जिओगेसर (रस्त्यावरचं दृश्य बघून जागा ओळखायचा ऑनलाइन खेळ) खेळताना युरोप बऱ्यापैकी जमतो. पुढे-मागे पिवळी नंबरप्लेट म्हणजे नेदरलँड्स किंवा लक्झेंबर्ग, फक्त मागे पिवळी असेल तर ब्रिटन. धोक्याचा त्रिकोणी फलक आतून पिवळा असेल तर पोलंड, स्वीडन, फिनलंड, ग्रीस हे आधी आठवतात. आतून पांढरा म्हणजे उरलेला जवळपास अख्खा युरोप, मग काय उपयोग!

घोडं अडतं ते चेक आणि स्लोव्हाकियापाशी. १९९२ संपेपर्यंत एकच देश, त्यामुळे रस्तेही भावाभावांसारखे. पाटी वाचता आली तर प्रश्नच नाही: 'आर'वर व्हीसारखी खूण किंवा 'यू'वर गोल कडं असेल तर चेक; 'ओ'वर छपरासारखी टोपी किंवा 'ए'वर दोन टिंबं असतील तर स्लोव्हाक. पण शेतांमधला रस्ता, दूरवर एकही अक्षर नाही, तेव्हा तुम्ही नेमकं काय बघता? कडेचे खुंट, विजेचे खांब, झेब्रा क्रॉसिंगच्या फलकावरचे पट्टे, की घरांची ठेवण? टात्रा पर्वत दिसला तर स्लोव्हाकिया, एवढं कळतं (तेही पोलंड नसेल तर).

खात्रीच्या खुणा सांगा, फोटो असतील तर उत्तमच. नुसतं 'सरावाने जमेल' नको, प्लीज.