मदत हवी आहे: आंबिल ओढ्याचा जुना प्रवाह दाखवणारे नकाशे

एम.प्लॅनच्या (नगर नियोजनाची पदव्युत्तर पदवी) शेवटच्या सत्रात आहे. प्रबंध पुण्याच्या आंबिल ओढ्यावर, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर आला तोच. कात्रजपासून मुठा नदीपर्यंत पात्र कुठे वळवलं, कुठे आवळलं हे दाखवायचंय.

इस्रोच्या भुवन या नकाशांच्या संकेतस्थळावरचं कार्टोडेम (उपग्रहावरून केलेलं जमिनीच्या उंचीचं मॉडेल) वापरून पाहिलं. ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये एवढासा ओढा दिसणार कसा! १:५०,००० च्या टोपोशीटवर (भूरूप नकाशावर) नुसती निळी रेघ. गुगल अर्थची जुनी चित्रं पाहिली, पण तोवर बांधकामं झालेलीच. ड्रोन सर्व्हेला पैसे नाहीत, हातात सहा आठवडे.

कात्रज, धनकवडी, पर्वतीचे जुने गावनकाशे हवेत. विद्यार्थ्याला ते तालुका भूमी अभिलेख कार्यालयाकडे मिळतात की नगर भूमापन कार्यालयाकडे? आणि स्कॅन केलेला गावनकाशा जिओरेफरन्स करताना (खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवताना) खुणेचे बिंदू कोणते धरावेत?