‘लॉफ्टी’ म्हणजे उत्तुंग, उदात्त की तोऱ्याचे?

प्रश्न:
एका इंग्रजी कथेचे भाषांतर करताना मी ‘लॉफ्टी’ या विशेषणापाशी अडले आहे. शब्दकोशात त्याचे ‘उंच’, ‘उदात्त’ आणि ‘गर्विष्ठ’ असे तिन्ही अर्थ दिलेले आहेत. कथेतील जमीनदारीणबाई नोकराला ‘लॉफ्टी’ स्वरात उत्तर देतात. मी ‘उदात्त स्वरात’ असे लिहिले, तर संपादकांनी त्यावर लाल रेघ मारली. स्तुती आणि निंदा एकाच शब्दात कशी मावते, आणि येथे कोणता शब्द बसेल?

उत्तर १:
संपादकांचे बरोबर आहे. या शब्दाचे मूळ जुन्या नॉर्स भाषेतील ‘लॉप्ट’ या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ हवा, आकाश किंवा वरची खोली असा होतो; मुंबईच्या घरांत जुनी भांडी ज्यावर चढवून ठेवतात तो ‘लॉफ्ट’ आणि क्रिकेटमधील ‘लॉफ्टेड’ फटका हे त्याच कुळातले. जो वर आहे त्याच्याकडे आपण आदराने पाहू शकतो, तसाच तोही आपल्याकडे तुच्छतेने पाहू शकतो, म्हणून अर्थाचा निवाडा पुढच्या नामावरून करावा लागतो. शिखर किंवा मनोरा असेल तर ‘उत्तुंग’, विचार किंवा ध्येय असेल तर ‘उदात्त’, आणि स्वर किंवा नजर असेल तर बहुधा तोरा. आपल्या बाईंनी ‘तोऱ्यात उत्तर दिले’ एवढे पुरे. विशेषणाच्या जागी विशेषणच हवे, हा हट्ट सोडावा.

उत्तर २:
एक पुरवणी जोडतो. माणसाच्या शरीराच्या उंचीसाठी इंग्रजीत ‘टॉल’ वापरतात, ‘लॉफ्टी’ नव्हे. उंच माणसाला गमतीने ‘लॉफ्टी’ हे टोपणनाव देण्याची ब्रिटिश प्रथा मात्र आहे. आपल्याकडेही ‘उत्तुंग व्यक्तिमत्त्व’ म्हटल्यावर कोणी उंची मोजायला जात नाही, त्यासाठी ‘उंचापुरा’ आहे. दिवाणखान्याच्या छताला ‘उत्तुंग’ म्हटले तर हसू येईल, तेथे साधे ‘उंच’च लिहावे. लोकरीच्या संदर्भात हाच शब्द आला, तर तो फुगीर आणि दाबल्यावर पुन्हा वर येणाऱ्या लोकरीविषयी असतो.

उत्तर ३:
ध्येयाच्या बाबतीत मी पहिल्या उत्तराशी पूर्ण सहमत नाही. इंग्रजी वृत्तपत्रांत एखाद्या सरकारच्या ‘लॉफ्टी’ उद्दिष्टांचा उल्लेख येतो, तेव्हा ती गाठली जाणार नाहीत अशी तिरकस सूचना पुष्कळदा त्यात दडलेली असते. तेथे ‘उदात्त’ लिहिले तर टोमणा नाहीसा होतो आणि ‘मोठमोठी’ म्हटले तर तो टिकतो. गंमत अशी की ‘उदात्त’ हा शब्दही उंचीवरूनच आलेला आहे. पाणिनीच्या ‘उच्चैरुदात्तः’ या सूत्रात तो वरच्या स्वराचे नाव आहे. आपण ‘उदात्त स्वर’ लिहिलेत, तेव्हा एखाद्या वैदिकाला बाई ऋचा म्हणत आहेत असेच वाटले असते!

प्रश्नकर्ती:
‘तोऱ्यात’ हा शब्द स्वीकारला आहे. पुढच्याच परिच्छेदात त्याच बाईंच्या घराचे छतही ‘लॉफ्टी’ आहे. लेखकाने हा शब्द मुद्दाम दोनदा योजला असावा, आणि ती जोडी मराठीत तुटते याची रुखरुख आहे.