सॉम्ब्रेरोचं दीपगृह: एकच बेट, मग तिकिटांवर मनोरे दोन कसे?

दीपगृहवेडा: मंडळी, कॅरिबियन दीपगृहांच्या टपाल तिकिटांचं पान लावतोय. सेंट ख्रिस्तोफर-नेव्हिस-अँग्विलाची दोन तिकिटं समोर आहेत, राणी एलिझाबेथची. 1957 चं 8 सेंटचं आणि 1963 च्या सेटमधलं अर्ध्या सेंटचं. दोन्हींवर सॉम्ब्रेरो, म्हणजे अँग्विलाच्या त्या छोट्या बेटावरचं दीपगृह. पण भिंग लावून पाहिलं तर मनोरे एक नाहीत! चित्रकाराने मनाने काढलं की काय?

जुनाशिक्का: चित्रकाराला बोल लावू नका. अर्ध्या सेंटवर खाली बारीक अक्षरात ‘न्यू लाइटहाउस’ छापलंय, भिंग जरा खाली सरकवा. सॉम्ब्रेरोवर पहिला दिवा 1868 साली लागला. इंग्लंडहून मध्य अमेरिकेकडे जाणारी जहाजं तिथूनच जायची, आणि बेट इतकं सपाट की रात्री दिसायचंच नाही. 1960 मध्ये डोना चक्रीवादळाने तो मनोरा खिळखिळा केला. 1962 ला नवा उभा राहिला, जुना पाडला. म्हणजे तुमच्याकडे वादळाच्या अलीकडचं आणि पलीकडचं, दोन्ही आहे. शेजारी-शेजारीच लावा.

मला तर हे अर्ध्या सेंटचं फार आवडतं. सेटमधली सगळ्यात कमी किंमत, आणि दिली कोणाला, तर ज्या खडकावर दीपगृहाच्या माणसांखेरीज कुणी राहत नव्हतं त्याला!

दीपगृहवेडा: वा! सरकवलं, दिसलं. मग याच तिकिटावर ‘इंडिपेंडंट अँग्विला’ असा ओव्हरप्रिंट (तयार तिकिटावर नंतर मारलेला छाप) असलेलं एक विकायला आलंय. घेऊ का?

जुनाशिक्का: थांबा. 1967 मध्ये अँग्विलाने सेंट किट्सशी (म्हणजे सेंट ख्रिस्तोफरशी) काडीमोड घेतला, आणि हाताशी असलेल्या 1963 च्या तिकिटांवरच सप्टेंबरात ते शब्द छापून घेतले. छापले थोडे, म्हणून भाव चढा, आणि म्हणूनच बनावट छाप बोकाळले. तिकीट अस्सल, वरचे दोन शब्द खोटे: यात भलेभले फसतात. तज्ज्ञांचं प्रमाणपत्र नसेल तर हात लावू नका. त्यापेक्षा अँग्विलाच्या स्वतःच्या पहिल्या सेटमधलं 2 सेंटचं घ्या. त्यावरही सॉम्ब्रेरोच आहे, आणि खिसाही शाबूत राहील.

खलाशी: मध्येच तोंड घालतो. पानावर जागा उरली तर बहामाचा 1987 चा दीपगृहांचा सेट बघा. ग्रेट आयझॅक आहे त्यात.

जुनाशिक्का: बहामा अटलांटिकात येतं हो, खलाशीबुवा. पण सेट देखणा आहे, लावा. परीक्षक बसलेत थोडेच!