कोसळलेल्या माणसाभोवतीचे तर्क: आपले अनुभव लिहावेत

गिरगावकर
काल दादरच्या पुलावर एक तरुण कोसळला आणि कोणी त्याची नाडी पाहण्याआधीच 'प्यायलेला दिसतो' असा निकाल लागला, तेव्हा मला १२ जून २०२१ चा डेन्मार्क-फिनलंड फुटबॉल सामना आठवला. कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कच्या ख्रिस्तियन एरिक्सन या खेळाडूचे हृदय थांबले. छाती दाबून आणि विजेचा झटका देऊन त्याला तिथेच वाचवले गेले. तो रुग्णालयात असतानाच 'कोविडच्या लसीमुळे झाले' ही वार्ता जगभर फिरली, आणि त्याने लस घेतलेलीच नाही, असे त्याच्या इंटर मिलान क्लबच्या संचालकांना सांगावे लागले. आपण असे काही पाहिले असेल, तर अवश्य लिहावे.

डोंबिवलीकर
वडील फलाटावर पडले तेव्हा फिट आली असे समजून एकाने कांदा शोधला, तर दुसऱ्याने चप्पल हुंगवली. त्यांची साखर उतरली होती. खिशातले मधुमेहाचे कार्ड अखेर एका कॉलेजच्या मुलीने काढून वाचले.

परळची परिचारिका
कांदा आणि चप्पल यांचा फिटमध्येही काही उपयोग नसतो. माणसाला कुशीवर वळवावे आणि बेशुद्ध असेपर्यंत तोंडात पाणी मुळीच घालू नये. श्वास चालत नसेल, तर १०८ ला फोन करायला सांगून लगेच मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती दाबावी. कारण शोधणे हे डॉक्टरांचे काम आहे आणि त्याला वेळ लागतो. २ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकन फुटबॉलपटू डमार हॅमलिन कोसळला, तेव्हाही लसीचेच नाव घेतले गेले. छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या आघाताने हृदय थांबले होते, हे निदान त्याने एप्रिलमध्ये सांगितले.

माहीमची मावशी
हळदीकुंकवात माझी नणंद चक्कर येऊन पडली आणि ती शुद्धीवर येण्याआधीच बायकांनी 'गोड बातमी' ठरवून टाकली. तिचे हिमोग्लोबिन फार कमी होते, पण औषधाची चौकशी कोणी केली नाही. जो तो बाळाचेच विचारत राहिला आणि ती बिचारी दर वेळी रडत असे. डोंबिवलीकर, वडील आता कसे आहेत?

डोंबिवलीकर
मावशी, बरे आहेत. पडल्याचे त्यांना काही वाटत नाही, पण शुद्धीवर येताना कानावर पडलेले 'म्हाताऱ्याला चढली आहे' हे शब्द ते विसरलेले नाहीत, कारण त्यांनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही. आता ते कार्ड सर्वांना दिसेल असे गळ्यातच घालतात.