एकदाच कॉपी केलेला मजकूर वर्डमध्ये मराठी आणि नोटपॅडमध्ये रोमन कसा?

बोरूबहाद्दर:
आमच्या वाचनालयाचा २००३ सालचा अहवाल कृतिदेव फाँटमध्ये टाइप केलेला आहे. त्यातील मजकूर कॉपी करून दुसऱ्या वर्ड फाइलमध्ये डकवला तर तो व्यवस्थित दिसतो. परंतु पुन्हा कॉपी न करता तोच मजकूर नोटपॅडमध्ये किंवा संकेतस्थळाच्या रकान्यात डकवला, की ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच अशी पाच रोमन अक्षरे उमटतात. क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेले तात्पुरते ठेवण्याची संगणकातली जागा, मजकूर बिघडवतो का? वैतागून चार पाने हाताने टाइप केली. छत्तीस शिल्लक आहेत.

खटपट्या:
क्लिपबोर्डचा यात दोष नाही. आपण कंट्रोल-सी दाबतो तेव्हा वर्ड तिथे एकाच मजकुराची अनेक रूपे ठेवतो: आरटीएफ आणि एचटीएमएल ही फाँट-सजावटीसहची रूपे, एक निव्वळ अक्षरांचे आणि आणखीही काही. त्यांतले कोणते उचलायचे, हे डकवून घेणारा प्रोग्राम ठरवतो. दुसरी वर्ड फाइल सजावटीसह असलेले रूप घेते, त्यामुळे ‘हा मजकूर कृतिदेवमध्ये दाखवावा’ ही सूचनाही सोबत जाते. नोटपॅड मात्र निव्वळ अक्षरे तेवढी घेतो आणि फाँटचे नाव मागेच राहते.

आता खरी गोम अशी, की तुमच्या फाइलमध्ये ‘म’ कधी नव्हताच. संगणक अक्षरे क्रमांकांनी साठवतो. तिथे १०१ क्रमांकाचा रोमन ई आहे आणि कृतिदेव त्या जागी ‘म’चे चित्र काढतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, ‘म’ला स्वतःचा २३५० हा क्रमांक आहे. म्हणजे नोटपॅडने तुम्हाला खोटे काही दाखवलेले नाही. वर्डने घातलेला मुखवटा तेवढा उतरवला.

बोरूबहाद्दर:
मग वर्डमध्ये सगळा मजकूर निवडून मंगल हा युनिकोड फाँट लावला तर काम होईल का?

खटपट्या:
नाही, फाँट बदलल्याने क्रमांक बदलत नाहीत. त्यासाठी जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम, म्हणजे परिवर्तकच हवा आणि तोही कृतिदेवसाठीच तयार केलेला, कारण जुन्या फाँटांत प्रत्येकाची मांडणी निराळी असते. शिवाय नुसती अक्षराला अक्षर अशी अदलाबदल पुरत नाही. ‘दिनांक’ लिहिताना कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी आधी आणि ‘द’ नंतर येतो, युनिकोडमध्ये याच्या उलट. आणि रफार कृतिदेवमध्ये अक्षरानंतर टाइप होतो, तर युनिकोडमध्ये तो अक्षराच्या आधीचा ‘र्’ असतो.

पेंग्विनप्रेमी:
एक छोटी दुरुस्ती. ‘ठेवतो’ यापेक्षा ‘मागितल्यास देण्याचे कबूल करतो’ असे म्हणणे अनेकदा जास्त बरोबर ठरते. विंडोजमध्ये प्रोग्रामला एखाद्या रूपाचे फक्त नाव नोंदवून ठेवता येते आणि कोणी ते मागितले तरच प्रत्यक्ष मजकूर तयार करता येतो. लिनक्सवरील एक्स११ या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेत तर मजकूर मूळ प्रोग्रामकडेच राहतो. तो प्रोग्राम बंद केला आणि क्लिपबोर्ड सांभाळणारा दुसरा कोणी नसला, तर डकवायला काही उरत नाही. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रात लॅरी टेसलर आणि टिम मॉट यांनी १९७० च्या दशकात जिप्सी या संपादकात कट-पेस्टची सोय केली, तेव्हा देणारा आणि घेणारा प्रोग्राम एकच होता, त्यामुळे ही देवघेवीची बोलणी लागतच नव्हती.

बोरूबहाद्दर:
आमच्या काळी छापखान्यात ब्रोमाइड, म्हणजे मजकूर उमटवलेला फोटोचा कागद, कापून गोंदाने चिकटवत असू. चिकटवलेले अक्षर निदान बदलत तरी नव्हते. असो. परिवर्तकाच्या रकान्यात पाने डकवली आणि मराठी मजकूर उत्तम उतरला, रफारांसकट. मात्र त्या वर्षी खरेदी केलेल्या इंग्रजी पुस्तकांच्या यादीची अगम्य देवनागरी झाली आहे.

खटपट्या:
ते तसेच होणार. रकान्यात डकवताना फाँटची नावे गळून गेली, त्यामुळे कोणता ई खरा आणि कोणता ‘म’चे सोंग घेतलेला, हे परिवर्तकाला कळायला मार्गच उरला नाही. कॉपी न करता मूळ वर्ड फाइलच स्वीकारणारा परिवर्तक वापरा. तो प्रत्येक तुकड्याचा फाँट पाहून फक्त कृतिदेवचे तुकडे बदलतो. तसा न मिळाल्यास यादीची पाने वगळून बाकीची बदला आणि यादी मूळ फाइलमधून थेट नोटपॅडमध्ये डकवा. ती आहे तशीच येईल.